रेफरीच्या बाजूचे मामा

फुटबॉलच्या मैदानाभोवती जमलेला प्रत्येक माणूस रेफरीच्या विरुद्ध असतो. या पृथ्वीतलावर त्याला एकच अपवाद झाला, आणि तो उस्मानपुऱ्यात राहतो. हे गृहस्थ माझ्या बायकोचे मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाजाने नगारा आणि अंगाने काडी. आमच्या भागातल्या क्लबाचे ते इतके कट्टर भक्त की क्लब हरला तर घरात दोन दिवस टीव्ही लागत नसे आणि जिंकला तर मामींच्या बिघडलेल्या भाजीचंही कौतुक होई. पण रेफरीने शिट्टी वाजवली रे वाजवली, की मामा हात वर करून गरजत, "बरोबर हाय! रेफरी बरोबर हाय!" मग ती शिट्टी आपल्या विरुद्ध का असेना. एकदा आमच्या पोराला समोरच्या आडदांड बॅकने असं पाडलं की बिचाऱ्याचा बूट एकीकडे आणि तो दुसरीकडे, आणि रेफरीने फाउल दिला तो आमच्याच पोराविरुद्ध. सगळं मैदान पेटलं. मामा शांतपणे म्हणाले, "त्यानं जवळून बघितलं, आपण लांबून. बरोबर हाय." त्या दिवशी क्लबाच्या माणसांनी त्यांना मारलं नाही, ते केवळ वयाकडे बघून.

बरं, हे मैदानापुरतं असतं तरी चाललं असतं. परदेशातली मॅच टीव्हीवर बघताना रेफरीची चूक संथ गतीने चारही बाजूंनी दाखवली, तरी मामा म्हणत, "कॅमेरा चुकला." क्रांती चौकात ट्रॅफिक हवालदाराची शिट्टी वाजली की पायी चालणारे मामा जागच्या जागी उभे राहत. शिट्टी कुणासाठी होती याची ते चौकशीसुद्धा करत नसत. मी लग्न होऊन नवा जावई म्हणून आलो, तेव्हा मला वाटलं, सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे साहेबापुढे मान डोलवायची सवय लागली असेल. तसं मी एकदा मामींना म्हणालोही. मामी म्हणाल्या, "छे हो, साहेबांशी तर रोज भांडायचे. ह्ये शिट्टीचं काय खूळ हाय, त्यांनाच ठाऊक."

बाकी मामांच्या भक्तीला अंत नव्हता. जुन्या मैदानाच्या एका टोकाला बोरीचं झाड होतं. त्याच्या खाली, कुंपणाच्या पडक्या भिंतीला टेकून ते उभे राहत. उभे म्हणजे उभेच. आपण बसलो की आपला संघ बसतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. भर एप्रिलमध्ये क्लबाच्या रंगाचा हिरवा स्वेटर घालून ते घामाने निथळत आणि मध्यंतरात खेळाडूंना गूळ-शेंगदाणे वाटत. मैदान म्हणजे खडे, धूळ, आणि अधूनमधून गोलपोस्टमधून निवांत जाणाऱ्या शेळ्या. पण मामा त्याला 'ग्राउंड' म्हणत तेव्हा ऐकणाऱ्याला आपोआप चप्पल काढावीशी वाटे.

मग शहराच्या टोकाला नवं स्टेडियम झालं. हिरवंगार गवत, खुर्च्या, दिवे, सगळं. क्लबाच्या मॅचेस तिकडे गेल्या आणि मामांनी जाहीर केलं, "मी येणार नाय. खुर्चीत बसून मॅच बघायला ते काय बारसं हाय?" पण रविवारची दुपार झाली की ते स्वेटर घालून घरात येरझारा घालू लागले. बाहेरून दुसऱ्याच कुणाचा आरडाओरडा ऐकू आला तरी खिडकीशी धावत. काही रविवार हे सहन केल्यावर मामींनी मला फोन केला. "जावईबापू, तुम्ही त्यांना घिऊन जा बघा. नायतर मी तरी माहेरी जाते." मी रिक्षा घेऊनच गेलो आणि "आपण नुसतं बाहेरून बघू" असं खोटं सांगून त्यांना बसवलं.

फाटकावरच पहिला खटका उडाला. सुरक्षारक्षकाने शेंगदाण्यांची पुडी काढून घेतली. मामा म्हणाले, "अरे, ह्ये खेळाडूंचं हाय." तो म्हणाला, "चाचा, खिलाड़ियों का इंतजाम अलग है." हा घाव मामांना बराच खोल लागला. पण आत शिरून पायऱ्या चढलो आणि समोर ते गवत दिसलं, तेव्हा मामा कठडा धरून वाकून बघू लागले. मग म्हणाले, "आपली पोरं ह्याच्यावर पडली तर लागणारसुदिक नाय." थोड्या वेळाने ते स्वच्छतागृहात जाऊन आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जावईबापू, नळाला पाणी हाय!" जुन्या मैदानावर या बाबतीत काय हाल होते ते ज्यांनी भोगलंय, त्यांना या वाक्यातला गहिवर कळेल.

मॅच सुरू झाली आणि मामा उभे राहिले. मागचा माणूस म्हणाला, "ओ काका, बसा की, आम्ही बी तिकीट काढलंय." मामा बसले. लगेच उठले. पुन्हा बसले. असं चाललं असतानाच मध्यंतर झालं, आणि खालच्या रांगेत काठी टेकत एक उंच, वाळके गृहस्थ येऊन बसले. त्यांच्याकडे पाहिलं मात्र, मामांचा चेहरा पांढरा पडला. "चला घरी," म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत पायऱ्या उतरू लागले. मी त्यांना चहाच्या टपरीपाशी गाठलं. ते खांबाआड छातीवर हात ठेवून उभे होते.

"मामा, छातीत दुखतंय का?"

"नाय. तो रेफरी हाय."

मला काही कळेना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी जुन्या मैदानावर फायनल होती. शेवटच्या मिनिटांत या माणसाने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. मामांचा तोल गेला. ते ओरडले, "रेफरी विकला गेला!" त्या आवाजासरशी सगळ्या मैदानाने तेच उचलून धरलं. लोक आत घुसले, कुणीतरी दगड मारला, रेफरीचं कपाळ फुटलं. पुढच्या रविवारी दुसराच रेफरी आला. हा पुन्हा शहरात कुणाला दिसला नाही.

"माझ्या तोंडामुळं गेला तो माणूस," मामा म्हणाले. "आन् जावईबापू, पेनल्टी बरोबर व्हती. मी गोलच्या मागंच उभा व्हतो. आपल्याच पोराचा हात लागला व्हता बॉलला. मी बघितला व्हता."

इतकी वर्षं ज्याला आम्ही खूळ म्हणत होतो, ते हे होतं. मी चहा घेतला, त्यांना पाजला आणि म्हणालो, "मामा, आता तो माणूस समोर आहे. आज नाही बोललात तर परत कधी बोलणार?" त्यांनी रिकामा कप टपरीवर ठेवला. मग स्वेटर खाली ओढून चालू लागले.

दुसरा हाफ सुरू झाला होता. खालच्या रांगेत जाऊन मामा त्या गृहस्थांसमोर उभे राहिले. "जय भीम, सर. मला वळखलं नसंल तुम्ही."

सरांनी चष्मा वर केला. कपाळावर भुवईच्या वर पांढरी रेघ होती. "तोंड नाय वळखलं. आवाज वळखला. बोरीखालचे ना तुम्ही?"

"त्या दिवशी म्या वरडलो व्हतो."

"ठाव हाय. एवढा मोठा गळा दुसऱ्या कुणाचा व्हता?"

मामांनी उभ्यानेच हात जोडले. सर काठीने शेजारच्या खुर्चीवर टकटक करत म्हणाले, "आधी बसा. मागचे शिव्या द्यायलेत." मामा बसले. सर म्हणाले, "राग आला व्हता, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन रडलो बी. पण मी तुमच्यामुळं गेलो नाय. गंगापूरच्या शाळेत बदली झाली व्हती, ऑर्डर आधीच हातात पडली व्हती. फायनल म्हणून थांबलो व्हतो तेवढा. तिकडं पोरं शिकवली. तो बघा, डाव्या बाजूला तुमच्या क्लबाकडून खेळायलाय, तो माझ्या शाळेतला. त्याच्यासाठी आलोय."

"मंग... माझ्यामुळं नाय?"

"नाय हो. दगड बी तुम्ही मारला नव्हता. तुम्ही नुसतं खोटं बोलला व्हता."

मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत, आणि रडतच होते. पण हात काढले तेव्हा चेहरा असा सुटलेला होता, जणू कुणीतरी आतून दोर सोडला. "पेनल्टी बरोबर व्हती, सर," ते म्हणाले. "व्हय तर," सर म्हणाले, "मलाच सांगता?"

दुसरा हाफ असाच पुढे सरकला. शेवटाकडे सरांचा तो पोरगा बॉल घेऊन सुसाट निघाला आणि त्याला मागून कुणीतरी आडवं केलं. रेफरीने हाताने 'खेळा' अशी खूण केली. मामांनी सवयीने हात वर केला, तोंडही उघडलं, आणि थांबले. सरांकडे वळून हळूच विचारलं, "सर, काय?" सर ओठ न हलवता म्हणाले, "फाउल व्हता." "पक्का?" "पक्का." मामा उठून उभे राहिले, छाती भरून घेतली आणि सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असे गरजले, "ओ रेफरी! डोळे घरी ठिवून आला का?"

आमच्या क्लबाची जुनी मंडळी वळून बघू लागली. कुणाचा विश्वास बसेना. मग पलीकडून टाळ्या सुरू झाल्या. सरांनी मामांचा स्वेटर धरून त्यांना खाली ओढलं. "पुरं. एका मॅचला एक बास."

मॅच बरोबरीत सुटली. मामा मात्र घरी जिंकून आल्यासारखे आले. मामींनी दार उघडताच म्हणाले, "खुर्च्या चांगल्या हायेत."

त्यानंतर सर गंगापूरहून शेअर जीपने दर मॅचला येऊ लागले. दोघं शेजारी बसत आणि एकमेकांचं काही न ऐकता बोलत. गेल्या पावसाळ्यापासून सरांच्या गुडघ्यांनी मात्र अगदीच साथ सोडली आणि त्यांचं येणं थांबलं. तेव्हापासून मामा मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गंगापूरला जातात. मागे एकदा मीही सोबत गेलो. सरांच्या अंगणात फरशीवर मामांनी कालची मॅच चिंचोक्यांनी मांडली होती. हा आपला, हा त्यांचा, आणि एक ऑफसाइडचा चिंचोका सर काठीच्या टोकाने पुन्हा पुन्हा मागे सारत होते. "तिथं नव्हताच तो!" "अहो, मी व्हतो की तिथं, तुम्ही कुठं व्हता?" उन्हं अंगणातून भिंतीवर चढली, सरांच्या सूनबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. एसटीची वेळ झाली असं सांगायला मी उठलो, आणि त्या चिंचोक्यांवर वाकलेली दोन पांढरी डोकी बघून पुन्हा खाली बसलो.