आग न पोचलेलं शेत

टहरौलीच्या कन्याशाळेत मी शिकवायला गेले तेव्हा तिथे दमकल, म्हणजे अग्निशमन दल, नव्हती. आग लागली की तहसिलीतल्या फोनवरून झाँशीला कळवायचं आणि वाट बघायची. लाल गाडी यायला दीड-दोन तास लागायचे. तोवर जे जळायचं ते जळून गेलेलं असे, आणि गाडीतले लोक राखेवर पाणी मारून, चहा पिऊन परत जात.

अशात गावातले एक गृहस्थ नोकरी संपवून परत आले. आयुष्यभर ते दमकलमध्ये होते. निवृत्त होताना त्यांचा हुद्दा लीडिंग फायरमनचा होता, म्हणून सगळे त्यांना 'लीडिंग साहब' म्हणत. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. घरी बसवेना म्हणून त्यांनी चौदा-पंधरा जण गोळा केले: एक हलवाई, एक सायकलचे पंक्चर काढणारा, एक शिंपी, पिठाच्या गिरणीवरचे दोघे भाऊ, असे. कवायतीसाठी मोठ्या बहनजींकडून, म्हणजे मुख्याध्यापिकांकडून, शाळेचं मैदान मागून घेतलं. फाटकाची किल्ली माझ्याकडे असायची. त्यामुळे त्यांची कवायत संपेपर्यंत मला व्हरांड्यात वह्या तपासत बसावं लागे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी लीडिंग साहेबांनी एक बादली आणून माझ्यासमोर ठेवली.

"बहनजी, रांगेत एक माणूस कमी आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हणाले, "माझं काय काम तिथे?"

"घरात आग लागते तेव्हा आत कोण असतं? बायका. आणि विझवायला कोण येतं? पुरुष. त्यांना ना आतली खोली माहीत, ना आतलं माणूस. या पंधरा जणांना मी सगळं शिकवीन, हे नाही शिकवू शकत."

मी वह्या मिटल्या आणि उठले. धाडस वगैरे काही नव्हतं. रोज चार वाजता त्याच त्या चुका लाल शाईने दुरुस्त करण्यापेक्षा बादली बरी वाटली, इतकंच.

भरलेल्या बादल्या एका रांगेने पुढे, रिकाम्या दुसऱ्या रांगेने मागे. ऐकायला सोपं, पण पहिले आठ दिवस निम्मं पाणी आमच्याच पायांवर सांडत होतं. ओल्या बोऱ्याने, म्हणजे गोणपाटाने, आग झोडपायची तर वरून आपटायचं नाही, ठिणग्या उडतात. आपल्याकडून पुढे सारत न्यायचं. बंद दाराला आधी तळहाताची उलटी बाजू लावायची. धूर असेल तर पोटावर सरपटायचं, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. एकदा त्यांनी शाळेच्या कोठारात ओला भुसा नि कडुनिंबाचा पाला पेटवून धूर केला आणि एकेकाला आत पाठवलं. आत एक घागर ठेवली होती, ती शोधून आणायची. हलवाई दोनदा हात हलवत परत आला. मला मिळाली, पण बाहेर आल्यावर मी भिंतीला धरून ओकले.

शनिवारी बसने झाँशीला, सीपरी बाजारातल्या घरी गेले की आई पदराचा वास घ्यायची. "शाळेत शिकवतेस की भट्टी लावतेस ग? डोक्याला सुद्धा धुआँचा वास येतोय." आमच्या घरी मराठीच, पण असा एखादा हिंदी शब्द न विचारता आत येऊन बसायचा. अण्णांनी खरं काय ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, "तिला दोन सुती सलवार-कुर्ते शिवून दे. साडीत धावेल कशी?"

लीडिंग साहेबांचं म्हणणं किती खरं होतं ते माघ महिन्यात कळलं. बाजारामागच्या एका घरात स्टोव्ह भडकला. आम्ही सात मिनिटांत पोचलो. घरातली माणसं अंगणात ओरडत होती की थोरली सून बाहेर आली, धाकटी आत आहे. हलवाई दारातून हाका मारत होता. आतून एकदाच आवाज आला आणि थांबला. मी सरपटत गेले. ती धान्याच्या कोठीमागे अंगाचं मुटकुळं करून बसली होती. साडीने पेट घेतला म्हणून तिने ती फेडून टाकली होती, आणि दारात सासरे, थोरले दीर, गावचे पुरुष उभे होते. ती बाहेर येणार नव्हती. जळेल, पण येणार नाही, असं तिने जणू ठरवलं होतं. मी माझ्या अंगावरचा ओला बोरा तिच्याभोवती गुंडाळला आणि तोंड दाराकडे वळवून ओरडले, "सगळे पाठ फिरवा!" लीडिंग साहेबांनी बाहेर तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

त्या दिवसापासून गावात माझ्याकडे बघण्याची तऱ्हा बदलली. आणि, खोटं कशाला बोलू, माझीसुद्धा बदलली. आपल्याला कळतं, असं मला वाटायला लागलं.

चैत्र उतरणीला लागला तेव्हा लीडिंग साहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी झाँशीला गेले. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मी नसताना बहनजी सांगतील ते करायचं." कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तहसिलीसमोर टांगलेला रुळाचा तुकडा वाजायला लागला. तीच आमची घंटा. मुलींना दुसऱ्या बहनजींच्या हवाली करून मी निघाले. गावाच्या पश्चिमेला धूर दिसत होता. उभा आणि कापलेला गहू, दोन्ही पेटले होते. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पछुआ, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा, जोरात होता आणि आगीला थेट गावाकडे ढकलत होता. बादल्यांचा काही उपयोग नव्हता, विहीर लांब. बोरे घेऊन आम्ही बाजूने झोडपत होतो, पण पुढचं तोंड आमच्यापेक्षा वेगाने पळत होतं.

आग आणि गाव यांच्यामध्ये एकच उभं शेत उरलं होतं. त्याच्या पलीकडे गवताने शाकारलेले गोठे आणि त्यांना लागून घरं. ते शेत एका विधवा म्हातारीचं होतं. सगळं गाव तिला बऊ म्हणायचं. बुंदेलीत आईला, आजीला असंच म्हणतात. तिला मूलबाळ नव्हतं. ते शेत ती बटाईने, म्हणजे वाट्याने, न देता स्वतः करवून घ्यायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

लीडिंग साहेबांनी शिकवलं होतं: जे पेटलंय त्याच्यामागे धावू नका, जे पेटणार आहे त्याच्यापुढे जा. आगीच्या वाटेतलं खाणं काढून घ्या. शेताच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा होता, मागे नांगर जोडलेला. मी ड्रायव्हरला म्हणाले, "मधून घाल. या बांधापासून त्या बांधापर्यंत. चार फेऱ्या मार."

त्याने शेताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बऊचा गहू उभा आहे, बहनजी."

"दिसतोय मला. घाल."

ट्रॅक्टर सुरू झाला आणि बऊ कुठूनशी धावत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. दोन्ही हात पसरून. काय बोलत होती ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मी गेले, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाजूला नेलं. तिचं वजन काहीच नव्हतं. ती पडली, उठली, पुन्हा निघाली. मी पुन्हा धरलं. ट्रॅक्टर पिकलेल्या गव्हातून गेला. ओंब्या मातीत उलट्या होत गेल्या. चार फेऱ्या. आमची माणसं मागून उरलंसुरलं काड ओढून बाजूला फेकत होती.

पट्टा पुरा झाला आणि आम्ही बोरे घेऊन त्याच्या कडेला ओळीने उभे राहिलो.

आणि वारा पडला.

मी तसा वारा पडताना पुन्हा कधी पाहिला नाही. धूर सरळ वर गेला. काही क्षण सगळं जागच्या जागी थांबलं. मग दक्षिणेकडून झुळूक आली आणि आग वळली, कापून झालेल्या शेतांकडे गेली, नाल्यापाशी पोचली आणि तिथे विझली. बऊच्या बांधापासून पन्नास-साठ पावलं लांब. झाँशीहून गाडी आली तेव्हा धुमसणाऱ्या कडांवर मारायला तिला थोडं काम उरलं होतं, एवढंच.

माणसं आनंदाने एकमेकांच्या पाठी थोपटत होती. बऊ नांगरलेल्या पट्ट्यात उभी होती. मी जवळ गेले. काय बोलणार होते कोण जाणे. तीच बोलली, अगदी शांतपणे.

"आगी ने तो मोरो एक दानो नईं खाओ, बिन्नू. तुमने खा लओ."

आगीने माझा एक दाणाही खाल्ला नाही, पोरी. तू खाल्लास.

त्या रात्री मी जेवले नाही. हलवाई समजावायला आला. "वारा वळेल हे तुम्हाला काय माहीत? नसता वळला तर?" हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं होतं. खरंच होतं ते. पण खरं असूनही ते मला पुरत नव्हतं. तिच्या मनगटाचा स्पर्श माझ्या हाताला लागून राहिला होता.

आठवड्याने लीडिंग साहेब डोळ्यावर हिरवं फडकं लावून परत आले. मी सगळं सांगितलं, ओढलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "चला, दाखवा." एका डोळ्याने बघत त्यांनी सगळा पट्टा पायाखाली घातला. आग कुठे थांबली तिथवर गेले, गोठ्यांकडे वळून पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पट्टा इथेच पाडायला हवा होता. मीही इथेच पाडला असता."

माझ्या छातीवरचा दगड हलला, तोच त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंत का?"

"काय?"

"का नांगरतोय ते."

"वेळच नव्हता."

"ट्रॅक्टर सुरू करून बांधावरून आत वळवायला किती वेळ लागला?"

दोन वाक्यं बोलण्याइतका वेळ होता. मी ती ड्रायव्हरशी बोलले होते.

"कदाचित ऐकलं नसतं तिने," ते म्हणाले. "मग ओढायलाच लागलं असतं. पण आधी सांगायचं असतं, बहनजी. आग कुणाशी बोलत नाही. आपण बोलायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही सगळे टोपल्या घेऊन त्या पट्ट्यात गेलो. मातीत गेलेल्या ओंब्या वेचायच्या होत्या. बऊ बांधावर बसून बघत होती. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी ओंबी मुठीत धरून उपटत होते, निम्मे दाणे मातीतच झडत होते. बराच वेळ तिने सहन केलं. मग उठून आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि ढेकूळ आधी बोटांनी फोडून, ओंबी खालून उचलून दाखवली. नंतर ती आपली सरी धरून वेचायला लागली, मी माझी. तीन दुपारी गेल्या. जे निघालं ते गेल्याच्या निम्मंही नव्हतं.

ती नंतर माझ्याशी नीट बोलायला लागली असं मी म्हणणार नाही. बाजारात दिसली की मी नमस्कार करायचे, ती मान हलवायची.

पुढच्या वर्षी फागुनात, गहू अजून हिरवा असताना, लीडिंग साहेबांनी नवीन काम काढलं. गावाच्या पश्चिमेला ज्यांची ज्यांची शेतं आहेत त्या प्रत्येकाच्या दारी जायचं, आणि वेळ आलीच तर तुमच्या शेतात पट्टा कुठून पाडावा ते आधीच विचारून ठेवायचं. बऊच्या घरी कुणी जायचं यावर ते काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी गेले. हलवाई सोबत होता, पण तो अंगणाबाहेरच थांबला. बऊ सूप घेऊन बसली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं: आग कशी पळते, पट्टा किती रुंद लागतो, गोठे किती जवळ आहेत. गेल्या वर्षी जे सांगायला हवं होतं तेच. आणि तुमचा हात धरून ओढलं ते चुकलं, हेही सांगितलं. तिचं सुपात धान्य पाखडणं चालूच होतं.

मग ती उठली. मला शेतावर घेऊन गेली, हलवाई मागून आला. मी निवडलेल्या जागेपासून वीसेक पावलं पूर्वेकडे, अगदी बांधालगत, जमीन खडकाळ होती आणि गहू विरळ.

"उते नईं. इते," ती म्हणाली. तिथे नाही, इथे. "इते कछू होत नइयाँ." इथे तसंही काही पिकत नाही.

गेल्या वर्षी विचारलं असतं तर एवढंच गेलं असतं.

परत फिरताना तिने अचानक विचारलं, "और जो फिर आगी नईं आई तो?" पट्टा पाडला आणि या खेपेलाही आग आलीच नाही तर?

मला हो-नाही काहीतरी गोड बोलता आलं असतं. हलवाई बांधावरून माझ्याकडे बघत होता.

"तरीही पाडावा लागेल, बऊ," मी म्हणाले. "आधी कळत नाही. कुणालाच नाही कळत."

ती उभी राहिली. हिरव्या गव्हाकडे, मग गोठ्यांकडे बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं आता नाहीच म्हणणार.

"हओ," ती म्हणाली. बरं. "पर बता कें." पण सांगून.

आणि घराकडे चालू लागली. आम्ही पुढच्या दाराकडे वळलो; अजून नऊ शेतं विचारायची राहिली होती.