माढ्याचा हिरवा चौकोन

मागच्या ऑगस्टातला पहिला सोमवार. रक्कम बाराशे रुपये. हजर तिघे: नवी पेठेतल्या आमच्या घाऊक कापड दुकानाचे मालक, बिलांचं सॉफ्टवेअर बसवणारे इंजिनिअर आणि हिशेब लिहिणारा मी.

बाराशे हा अक्कलकोट शाखेत बिलं करणाऱ्या बाईंचा जुलै महिन्याचा भत्ता. तो कापायचा होता. मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवर डॅशबोर्डचा स्क्रीन लावलेला, प्रत्येक शाखेला एक चौकोन. मागच्या पंधरा मिनिटांत एखादं बिल पाठवताना अडकलं की चौकोन लाल, नाहीतर हिरवा. अक्कलकोट बहुतेक वेळ लाल. माढा जवळजवळ कायम हिरवा.

"माढ्याकडून शिका म्हणावं त्यांना," मालक म्हणाले. "अण्णा, व्हाउचरवर सही करा."

मी केली नाही. माढ्याचं इंटरनेट आठवड्यातले चार दिवस बंद असतं. तिथली हाताने लिहिलेली बिलं माझ्याच टेबलावर येतात. अक्कलकोटच्या बाई दिवसाला दोनशे बिलं करतात, तीसेक अडकतात, ती पुन्हा करतात. इंटरनेट बंद असलं की माढ्याचं मशीन काही पाठवतच नाही, मग अडकणार काय?

"काका, तुम्हाला यातलं कळत नाही," इंजिनिअर म्हणाले. "स्क्रीन खोटं दाखवत नाही."

"मला बेरीज कळते." मी फोन स्पीकरवर टाकला आणि अक्कलकोटला मशीन बंद करायला सांगितलं.

"खरंच बंद करू व्हय, अण्णा? गिऱ्हाईक उभं हाय की हितं."

"पंधरा मिनिटं हाताने लिहा. होईल ते माझ्यावर."

मालक घड्याळ बघत बसले. पंधरा मिनिटं भरली आणि अक्कलकोट हिरवं झालं.

"सुधारल्या बाई," मी म्हणालो. "आता सगळ्याच शाखांची मशिनं बंद करू का? सगळंच हिरवं होईल."

इंजिनिअरांनी मान खाली घातली. माहिती येत नसेल तेव्हा चौकोन राखाडी करून देतो, म्हणाले.

"बरं, या महिन्याची कपात सोडून देऊ," मालक म्हणाले.

"मे आणि जूनचाही भत्ता कापलाय. तेव्हा न तपासता मी सही केली. ती चूक माझी."

"मागचं कशाला उकरता?"

"मग ते चोवीसशे माझ्या पगारातून कापा. व्हाउचरवर कारण मात्र खरं लिहीन."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चेकबुक काढलं. अक्कलकोटच्या बाईंना छत्तीसशे रुपये दिले, दुकानाच्या खात्यातून.