आवाजावर झाकण

चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत मी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातल्या, भजनांचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर नीटनेटकं करतो. कुठल्या बुवाचा आवाज वर, पखवाज किती मागे, याचा शेवटचा निकाल बाबांचा. बाबांनी मिलमध्ये साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आयुष्य काढलं आणि कान तिथेच ठेवून आले. कानाचं मशीन लावलं की भांडी आपटल्यासारखं होतं, म्हणून ते डबीत. त्यामुळे एकाच अ‍ॅम्पला दोन हेडफोन जोडून आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून आवाज कायम चढा. मला त्याची सवयच झाली होती.

एका दुपारी सॉफ्टवेअरचं डोकं फिरलं. घुमारा देणारा एक इफेक्ट स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा गिळून फुगत गेला, आणि कानात असा काही फटका बसला की मी हेडफोन भिरकावून दिला. डाव्या कानात शिटी सुरू झाली, ती आजही आहे. बाबा मात्र हसत होते.

"आता कसा नीट ऐकाक इला!"

मला ओरडावंसं वाटलं, आणि रडावंसंही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. तुमचं आणि वडिलांचंही उरलंय तेवढं जपा. तेव्हापासून सगळ्या आवाजांच्या शेवटी मी लिमिटर लावून ठेवलाय. आत कितीही मोठा स्फोट होऊ दे, ठरवलेल्या मर्यादेवर हा त्याला दाबून धरतो. व्हॉल्यूमही खाली आणला. चोख काम करतो मेला.

पण माझ्या कानाला सोसणारा आवाज बाबांपर्यंत पोचत नाही, आणि पोचेल तो त्यांचा उरलासुरला कान खाणार. मी चिडतो, पण चिडायचं कोणावर? "बुवाचो आवाज खय गेलो रे?" असं त्यांनी सुरुवातीला विचारलं. मग विचारायचं सोडलं.

परवा नवी बारी तयार झाली. बाबा हेडफोन लावून डोळे मिटून बसले. मी फाइल शोधत होतो. त्यांनी मान डोलावली, मांडीवर ठेका धरला, आणि थोड्या वेळाने हेडफोन काढून माझ्या पाठीवर थाप मारली.

"झकास झाला. बुवान रंग भरल्यान!"

मी अजून काहीच लावलं नव्हतं.