पंपावरचं लाल कुलूप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला या प्रकरणाचा अजूनही रागच येतो. आणि राग कुणाचा येतो हे सांगायचं, म्हणजे पुन्हा माझीच शोभा! पण चहा हातात आहे, तुम्हीही घरचेच, तेव्हा ऐका.

निवृत्त माणसाचा लोक किती छळ करतात, याची तुम्हाला कल्पना नाही. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त म्हणतात, "अब तो एंजॉय कीजिए!"

दूधवाला म्हणतो, समोरचा किराणावाला म्हणतो, दात काढता काढता डेंटिस्टही म्हणाला. मुलगा बंगळुरूहून फोनवर सांगतो, "बाबा, चिल करा." अरे, चिल काय करा? जन्मभर कारखान्यात बिघडलेल्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस मी. सकाळी उठून काय एंजॉय करू? तुळशीला पाणी? ते दोन मिनिटांत होतं. पुढे?

घरात हात लावीन तिथे सुधा, म्हणजे आमची ही, ओरडायची. "अहो, मिक्सर चालू होता तो! उघडलात कशाला?" बाहेर हात लावीन तिथे सक्सेनाजी. हे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. इतकं गोड बोलतात की ऐकणाऱ्याला डायबेटिस व्हावा.

संक्रांतीनंतरची गोष्ट. बिल्डिंगचा पाण्याचा पंप ठिबकत होता. साधं काम! दोन नट आवळायचे, विषय संपला. मी सक्सेनाजींना तसं सांगितलं, तर हात जोडून म्हणतात, "पाटणकरजी, आपने बहुत काम कर लिया. अब आराम कीजिए. पंप को हाथ मत लगाइए. नहीं तो भाईसाब, मुझे वहाँ ताला डलवाना पड़ेगा."

ताला! मला! ज्याच्या हाताखालून डोंगराएवढी मशीनं गेली, त्याला टिल्लूएवढ्या पंपासाठी ताला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा सुधाच्या हळदीकुंकवाला दरवर्षी माझी काहीतरी भानगड असायची. ड्यूटी तरी, नाहीतर ब्रेकडाउन. बायका आल्या की ती एकटीच दार उघडायची, एकटीच चहा करायची. अयोध्या नगरच्या या फ्लॅटमधलं हे पहिलंच हळदीकुंकू. तिने बिल्डिंगमधल्या समस्त महिलावर्गाला बोलावलं होतं. लग्नातले चिनी मातीचे कप काढले होते. कागदी कप तिला चालणार नव्हते.

"निदान यंदा तरी माझं नीट पार पडू द्या," ती म्हणाली. खरं सांगतो, मला आतून लागलं.

"तू बोलावणं कर. बाकी सगळं माझ्यावर सोड!" असं मी छाती ठोकून सांगितलं.

आता पाणी ठिबकणाऱ्या पंपाच्या भरवशावर बायकोचं हळदीकुंकू सोडू? दुसऱ्या दिवशी सक्सेनाजी सकाळीच त्यांच्या सासूबाईंना आणायला हबीबगंज स्टेशनवर गेलेले पाहिले आणि मी पाना घेऊन गुपचूप पंप रूममध्ये शिरलो. आवळले नट. ठिबकणं बंद! हात पुसतोय तोवर सुधाचा फोन. "अहो, आहात कुठे? वाणाच्या वाट्या आणायच्या राहिल्यात, आणि झेंडूची फुलं, आणि येताना तिळाच्या रेवड्या." तसाच स्कूटरवर बसलो आणि बाजारात गेलो.

परत आलो तर गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही! नळ नुसते फुसफुसतायत. सुधा स्वयंपाकघरात कपांच्या ढिगासमोर रिकामी बादली घेऊन उभी.

"काय हो हे? माझ्यावर सोड म्हणाला होतात ना?"

मी तडक खाली. वॉचमन रामसेवक उन्हात बसला होता. बिचारा आठवडाभरापूर्वीच कामाला लागलेला. त्याला विचारलं, पंप का नाही चालू केला?

"कैसे करूँ साब? ताला लगा रिया है."

बस्स! तळपायाची आग मस्तकात गेली. सक्सेना! लावलंस शेवटी कुलूप! तेही आजच्या दिवशी!

"सुबह तो कोई ताला नहीं था!" मी गरजलो.

"आपको कैसे मालूम, साब?"

मी जीभ चावली. चोरून गेलो होतो ना! "मतलब... अंदाज़ से बोल रहा हूँ. किसने लगाया?"

"पता नी साब. ताले के साथ एक फोटू भी टँगा है. काले घने बाल, ये बड़ी मूँछें. शकल से तो गुंडा लगे है."

"गुंडा?"

"पक्का गुंडा, साब. आँखें देखोगे तो डर जाओगे."

म्हणजे बघा! सेक्रेटरीने कुलूप लावलं ते लावलं, वर रखवालीला माणूस नेमून त्याचा फोटो टांगला! रागात मला हे अगदी पटलं. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही कधी खरे चिडलाच नाहीत.

मी मजल्यामजल्यावर जाऊन बेल वाजवली. "खाली या! पाणी अडवलंय!" घामाने थबथबलो, पण काय सांगू, अंगात वीज संचारली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं! पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमली. कुणी डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत, कुणी पिठाच्या हातांनी. मी एका स्कूटरला टेकून भाषण ठोकलं. पाणी म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, आणि एखाद्या गृहिणीचा सण नासवणं म्हणजे किती नीचपणा.

तेवढ्यात गेटातून सक्सेनाजी आले. दोन्ही हातांत बॅगा, मागे थकलेल्या सासूबाई.

"आइए, आइए!" मी म्हणालो. "ताला लगाके स्टेशन घूमने गए थे?"

"कौन सा ताला, भाईसाब? मैं तो सुबह से हबीबगंज पे बैठा हूँ. गाड़ी लेट थी."

"तो वो गुंडा कौन है?"

"कौन गुंडा?" सासूबाईंनी घाबरून बॅग छातीशी धरली.

मला काही ऐकायचंच नव्हतं. मी हात उंच केला आणि जाहीर केलं, "जो भी हो! जिसने ताला लगाया है, वही आज हमारे यहाँ सब बहनों को चाय पिलाएगा. और सारे कप भी वही धोएगा, अपने हाथ से! मंज़ूर?"

"मंज़ूर!" असा आवाज झाला की कबुतरं उडाली. सक्सेनाजीसुद्धा म्हणाले, "मंज़ूर."

"चलो, तोड़ो ताला!" मी पुढे, मागे सगळी बिल्डिंग, रामसेवकच्या हातात हातोडा. पंप रूमचं दार ढकललं.

दाराला कुलूप नव्हतंच. कुलूप आत होतं. पंपाच्या स्विचच्या पेटीवर.

लाल कुलूप. त्याखाली लाल पाटी.

मंडळी, आमच्या कारखान्यात एक नियम असतो. मशीनला हात लावण्याआधी वीज बंद करायची, स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि स्वतःच्या फोटोची पाटी टांगायची. म्हणजे तुम्ही आत हात घातलेला असताना कुणी चुकून बटण दाबून तुम्हाला वर पाठवू नये. चावी फक्त स्वतःजवळ. काम संपलं की कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. जन्मभर हे केलं. हात आपोआप करतात, डोक्याला विचारतही नाहीत. निवृत्त झालो तेव्हा पास घेतला, हेल्मेट घेतलं, पण कुलूप आणि पाटी कुणी परत मागितली नाही. ती पान्याच्याच पिशवीत पडून होती. सकाळी कुलूप घातलं, आणि काढायच्या वेळी फोन आला तो वाण, झेंडू आणि रेवड्यांचा!

माझा हात आपसूक स्वेटरच्या आत गेला. गळ्यातल्या दोरीला चावी लटकत होती.

रामसेवकने हातोडा उचलला. मी झेप घेऊन पाटीला पाठ लावून उभा राहिलो.

"रुको! तोड़ना मत!"

"क्यों? आप ही तो बोले," सक्सेनाजी म्हणाले.

"वो... ताला अच्छा है. मज़बूत है."

"भाईसाब, ज़रा हटिए, गुंडे की शकल तो देखें."

"शकल में क्या रखा है! अच्छे घर का लगता है."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत सुधा आली, हातात तीच रिकामी बादली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागून डोकावणाऱ्या पाटीकडे. आणि इतकी लाजली, इतकी लाजली!

"अय्या! ये तो हमारे ये हैं! बाल थे तब के!"

रामसेवकने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे, आणि हातोडा खाली ठेवून दिला. "माफ़ करना साब. गुंडा मैं फोटू को बोला था."

पुढचं काय सांगू? कुलूप मीच काढलं, नियमाने. पंप घरघरला. ठिबकत नव्हता बरं का, एक थेंबही नाही! पण ते बघायला कुणाला वेळ होता? सगळे पोट धरून हसत होते, सासूबाई सगळ्यात जास्त.

आणि शिक्षा? ती तर एकमताने मंजूर झाली होती. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बायकांची ही गर्दी, अत्तराचा वास, आणि मी एप्रन बांधून चहा गाळतोय. कप येताहेत, मी विसळतोय, पुन्हा भरतोय. सुधा दारात उभी राहून सगळ्यांना हळदीकुंकू लावत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि कशी पाहणार? यापूर्वी त्या वेळी मी कधी घरी होतो?

पण म्हणून माझा राग गेला असं समजू नका. सक्सेनाभाभी खास आत डोकावून म्हणाल्या, "वाह भाईसाब! रिटायरमेंट एंजॉय हो रहा है!" हातात कप होता. लग्नातला होता, म्हणून वाचला.

मी सुधाला ओरडून सांगितलं, "आता कुणालाही आत पाठवू नकोस! मला काम करू दे!"

"बरं," ती म्हणाली. आत आली, ओट्यावरची ती लाल पाटी उचलली आणि माझ्या त्या मिशाळ फोटोसकट स्वयंपाकघराच्या कडीला अडकवून गेली.

पाटीवर लिहिलेलं होतं: "सावधान! आदमी काम पर है."