तळ्यातली पांढरी फुलं आणि नसरीन मॅडम

मला माझ्याच बाबांना गावासमोर चूक ठरवायला लावणारी बाई आज गेली.

नसरीन मॅडम. अमरावतीला आम्हाला बॉटनी शिकवायच्या. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

त्या वर्षी दुष्काळ. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात गुरांचं कुटार, म्हणजे सुका चारा, संपलेलं.
बाबांनी कुठल्याशा नाल्यातून एक वेल पोत्यात भरून आणली, गावतळ्यात सोडली. म्हणाले, कांचरीच आहे. आपण भाजी खातो ती.

बघता बघता तळ्यावर हिरवी सतरंजी. वर पांढरी फुलं. गुरं खायची. गावभर बाबांचं कौतुक.

मला शंका आली. मॅडमना फोन केला. त्या रविवारी पॅसेंजरने आल्या, भर उन्हात.

तळ्यावर गर्दी होती. आजूबाजूच्या गावांतले लोक पोती घेऊन आलेले, आपापल्या तळ्यांत लावायला. बाबा विळ्याने वेल कापून देत होते.

मॅडमनी एक कांडी मोडून माझ्या हातात दिली. हळूच म्हणाल्या, "तू सांग. मी बोलले तर बाहेरची बाई बोलली म्हणतील."

गप्प बसले तर सगळी तळी जाणार. बोलले तर बाबांची मान खाली.

"बाबा, हे कांचरी नाही. कांचरीचं फूल पानाच्या बगलेत चिकटून रायते. याले लांब दांडी आहे. अन् कांडी पाहा, पोकळ."

"मंग?"

"बाहेर देशातली वेल आहे हे. एकेक तुकडा रुजते. तुमी जेवढी कापून राहिले, तेवढी वाढून राहिली. पूर्ण पाणी झाकलं तर मासोळ्या मरतीन. दुसऱ्या तळ्यात नका देऊ."

एक काका ओरडले, "गुरं उपाशी मरून राहिले, अन् हे फुलाची दांडी पाहून राहिली! याच्यासाठी शिकोलं का पोरीले?"

सगळे हसले. बाबा नाही हसले. माझ्या हातातली कांडी घेऊन आतून पाहिली. दुसऱ्या हातात विळा तसाच.

मग त्यांनी विळा काठावर फेकला.
"पोते रिकामे करा रे."

आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेल मुळासकट उपटायला लागले. मॅडमही साडी खोचून मागोमाग.

 त्या संध्याकाळी मॅडमना स्टेशनपर्यंत सोडायला बाबा स्वतः गेले.

आज अमरावतीला राजापेठेत, मॅडमच्या घरी मी बायकांमध्ये बसले होते. बाबा गावाहून निघून थेट कब्रस्तानात गेले. परत आले तेव्हा हात मातीने भरलेले.

"धुऊन घ्या, बाबा."

"राहू दे थोडा वेळ. बाईले माती देऊन आलो."

मॅडम, आम्हा दोघांचा सलाम.