दहा घरांच्या पत्रावळी

बांबूच्या अडसरापलीकडून त्यांनी माझ्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला. "हात वर करा. आता वळा," म्हणाले. मी वळले. डोळ्यांत आग उठली, पदर भिजला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर शूटिंग घेत होतं. हसत होतं.

फवारा मारणारे म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष. निवृत्त शिक्षक. पुण्यातल्या जुन्या पेठेतली ही राममंदिराची आळी, पंचवीस-तीस घरं, सगळी एकमेकांना धरून असलेली. मी विश्रांतवाडीहून यायची. आठ वर्षं याच आळीतला दारोदारचा कचरा ढकलगाडीत भरून नेला. कोरोनाची साथ आली तेव्हा सुरुवातीला त्यांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. पाण्याचा तांब्या मात्र कुणी पुढे केला नाही.

आळीत चार जण आजारी पडले होते. "बाहेरून इथं येतं कोण? आपणच ना बाई," अध्यक्ष मला म्हणाले. "आणि आपण कुठून येता, तेही आम्हाला ठाऊक आहे."

मला वेगळंच ठाऊक होतं. रामनवमीला देवळाला कुलूप होतं. दारावर पाटी: 'रामजन्म घरोघरी साजरा करावा.' आणि दोनच दिवसांनी बादल्यांतून पत्रावळी निघाल्या. एका घरातून सहा, दुसऱ्यातून सात. नवरा-बायको दोघंच राहतात त्या घरातून सात! पारण्याची पंगत मागच्या दारानं देवळातच बसली होती. उष्टं एकत्र टाकलं तर बभ्रा होईल, म्हणून दहा घरांनी वाटून घेतलं होतं. केवढी हुशारी. पण दहाही घरांच्या बादल्या माझ्याच गाडीत रिकाम्या होतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी त्यांच्या खिजगणतीतच नव्हते.

तेव्हा मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते. अध्यक्षांच्या बायकोनं सुंठवड्याची पुडी वरून माझ्या ओंजळीत टाकली, तीसुद्धा मी कपाळाला लावली. माझ्या सासूलाही या आळीत असंच वरून टाकायचे. तिच्या वेळी कुठला रोग होता?

मी तशीच ओली उभी असताना तपासणीच्या सिस्टर वही घेऊन आल्या. आजारी माणसं कुणाकुणाला भेटली, ते लिहून घेत होत्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं.

"आमच्यात कुणी कुणाला भेटत नाही. नियम म्हणजे नियम. हिचं नाव लिहा."

सिस्टरनं पेन उघडलं. रोग माझ्यामुळे आला असं लिहिलं गेलं असतं तर माझं काम गेलं असतं. आमच्या वस्तीला पत्रे ठोकले असते. माझ्या पोरींकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

"लिहा," मी म्हणाले. "माझं नाव लिहा. त्याखाली लिहा, देवळात पंगत झाली. दहा घरांतून साठ-पासष्ट पत्रावळी निघाल्या. मी उचलल्यात. कुठल्या घरातून किती, तेही सांगते."

अध्यक्षांच्या हातातला पंप खाली आला. "अहो बाई, आमचा कचरा तपासता का आपण?"

"तपासत नाही. उचलते. उचलणाऱ्याला दिसतं."

मी एकेक घर सांगत गेले. गॅलरीतला मोबाइल आत गेला. सिस्टर लिहीत राहिल्या.

पुढे आळी म्हणाली, हिनं देवाचं नाव खराब केलं. समितीनं अर्ज करून मला तिथून हलवलं. माफी कुणी मागितली नाही, मला ती नकोही आहे. पंगतीत वाढायला उभे राहिलेले एक आजोबा मात्र गेले. पत्रावळी दिसल्या त्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर त्यांना आधी दवाखान्यात नेलं असतं का? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आता दुसऱ्या आळीत गाडी ढकलते. वरून टाकलेलं काही घेत नाही. हातात द्यायचं असेल तर द्या, नाहीतर ठेवा तुमच्याकडेच. पुन्हा कुणी फवारा उचलला तर माझे हात वर जाणार नाहीत. गाडीत जे येईल, ते मी बघणार. विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.