गोळीचं नाव

"जीभ काढ. आणखी. वर उचल."

गवताच्या वखारीत रोज सकाळी कामाआधी आमची रांग लागायची. दिवाणजी प्रत्येकाच्या तोंडात एक पांढरी गोळी टाकायचा. पाणी वरून ओतायचा, भांड्याला ओठ लागू द्यायचा नाही. मग गवताची काडी जिभेखाली फिरवून बघायचा, गिळली की नाही. मी अठरा वर्षांची होते. बैलाचे दात बघावेत तसं तो माझं तोंड बघायचा. मागे शेठचा मुलगा हसत उभा.

"हिवतापाची गोळी आहे." एवढंच सांगत.

मला पहिल्याच दिवशी संशय आला. वखारीत घाटावरचे हमालही होते. डास त्यांनाही चावत. मग गोळी फक्त मासवणकडच्या आमच्या पाड्यालाच का?

बा म्हणाला, "देतात तर घे ना. तारापूरला इजेच्या कारखान्याचं काम निघालंय, मानसं तिकडं पळतात. म्हनून शेठ आपल्याला जपतो."

जपतो!

पंधरवड्याने पाड्यावर नवा भात आला. तोवर पाळणूक म्हणून कुणी दारूला शिवलं नव्हतं. आमच्यात तो खाण्याआधी पितरांना मोहाच्या दारूचे थेंब वाहतात. मग सगळे, बायासुद्धा, पानाच्या द्रोणातून घोटभर घेतात. वाटायचा मान माझ्या विधवा काकीचा.

एकच घोट घेतला. थोड्या वेळात कानातून वाफा निघाल्यासारखं झालं. छाती धडधडली, श्वास पुरेना. समोर बा ओकत होता, तोंड विटेसारखं लाल. एकामागून एक नऊ माणसं आडवी झाली.

"काकीनं केलं!" कुणीतरी ओरडलं. "भुताळी हाय ती!"

केस धरून तिला अंगणात ओढलं. हातांत दगड आले.

मी पडल्या पडल्या बघत होते. कोण पडलंय? कोण उभं आहे? उभे होते तेही त्याच मडक्यातलं प्यायले होते. पण त्यांतला एकही वखारीत जात नव्हता.

मी रांगत गेले आणि काकीच्या अंगावर पडले. "पडलेले बघा! सगळे गोळीच्या रांगेतले हायत. गोळी काय काकीनं दिली?"

दगड खाली पडले. एक मात्र आधीच तिच्या खांद्यावर बसला होता.

दोन दिवसांनी रांगेत मी तोंड मिटून उभी राहिले. दिवाणजीने काडी पुढे केली.

"आधी गोळीचं नाव सांगा."

"ऐकलंत, धाकटे शेठ? बाईसाहेब गोळीचं बारसं करणार!"

शेठचा मुलगा या वेळी हसला नाही. "दारू सोडवायची गोळी आहे. तुमच्याच भल्याची. सांगितलं असतं तर घेतली असती का तुम्ही लोकांनी?"

"मी घेतली असती," माझ्यामागून बा म्हणाला. "दारू सुटावी म्हनून दोनदा भगताकडं गेलो मी. विचारलं असतं तर आपल्या हातानं घेतली असती."

मालकासमोर बा इतकं बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

गोळी वाईट नव्हती. ही घेऊन दारूचा थेंब घेतला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर पेशंटला बजावून सांगतो, हे मला पुढे कळलं. आम्हाला कुणी बजावलं नाही. सांगायचं असेल, तर समोर माणूस आहे, हे आधी मानावं लागतं.

मी रांगेतून बाहेर पडले. बा आला. मग बाकीचेही आले.

आता भलं करायला कुणीही येवो. हे काय आहे, असं मी आधी विचारणार. खरं उत्तर मिळालं तरी तोंड उघडायचं की नाही, ते मी ठरवणार.